बारशाआधी नाव ठरवताना: अक्षर, अर्थ आणि श्रद्धा

उंबरठा (धागाकर्ती)
‘स वरून मुलीचं नाव सुचवा, दोन अक्षरी, नव्या वळणाचं, पण देवाचंही हवं’ असा धागा इथे दर महिन्याला येतो. शंभर प्रतिसाद पडतात, नावांची रास लागते आणि मूळ गोष्टी तशाच राहतात. म्हणून हा वेगळा धागा. विचारायचंय ते असं: नावरस नाव (जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून येणारं) आणि हाकेचं नाव यांचा संबंध काय? अक्षर काढतात कसं आणि चुकतं कुठे? अर्थ तपासायचा कसा? आणि शास्त्र, पंथ, धर्म खरोखर काय सांगतात आणि आपण काय चिकटवतो? हिंदूंपुरतंच नको, इतर धर्मांतल्या जाणकारांनीही लिहावं. आपापल्या घरचे किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे पद्धत आणि कारणं हवीत.

पंचपाळे
पहिल्या प्रश्नावरच सगळं अडतं, म्हणून तिथून सुरुवात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला धर्मसिंधु महाराष्ट्रातले पुरोहित आजही उघडतात. त्यात एका मुलाला चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम.

देवतानाम म्हणजे कुलदैवताशी जोडणारं, अमुक देवाचा भक्त अशा अर्थाचं. मासनाम जन्माच्या चांद्रमासावरून. मार्गशीर्षापासून मोजायचं: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश, पुंडरीकाक्ष. म्हणजे चैत्रातला मुलगा वैकुंठ आणि कार्तिकातला पुंडरीकाक्ष. तिसरं नक्षत्राच्या चरणाक्षरावरून, ज्याला आपण नावरस नाव म्हणतो. चौथं हाक मारायचं, आणि त्याला आद्याक्षराचं बंधन नाही.

त्यामुळे ‘अक्षर च आलंय, पण आम्हाला राघव ठेवायचंय, चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. पत्रिकेत च्यवन लिहा, कानात चारही सांगा, हाक राघव मारा. दोन वेगळी खाती एकाच नावात कोंबायची सवय अलीकडची आहे. तिच्यामुळेच अर्थाला तिलांजली मिळते आणि ‘चू’वरून काहीतरी ओढूनताणून जमवलं जातं.

चौथा_चरण
अक्षर काढण्याबद्दल. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणून अक्षरं १०८. या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, एक चरण ३ अंश २० कलांचा. चंद्राची गती बदलती असल्याने एक चरण ओलांडायला त्याला साधारण सव्वापाच ते पावणेसात तास लागतात. ‘एका दिवसाचं एकच अक्षर’ ही समजूत म्हणून चुकीची. एका दिवसात चार, कधी पाच अक्षरं येऊन जातात.

रीत अशी. समजा मृग नक्षत्र मंगळवारी सकाळी १०.४० ला लागलं आणि बुधवारी ११.५२ ला संपलं. एकूण काळ (भभोग) २५ तास १२ मिनिटं. त्याचे चार भाग केले की ६ तास १८ मिनिटांचा एक चरण. चरण संपतात ते मंगळवारी दुपारी ४.५८, रात्री ११.१६, बुधवारी पहाटे ५.३४ आणि शेवटचा ११.५२ ला. मृगाची अक्षरं वे, वो, का, की. बाळ पहाटे ५.३० ला जन्मलं तर ‘का’, ५.३६ ला जन्मलं तर ‘की’. सहा मिनिटांत अक्षर बदललं. आता विचार करा, कागदावर लिहिलेली वेळ बाळ बाहेर आल्याची की नाळ कापल्याची की नर्सने वॉर्डात येऊन घड्याळ पाहिल्याची? संधीवर जन्म असेल तर अक्षरावरून भांडू नये, तेवढी अचूकता मुळातच हाताशी नसते.

नेहमीचे घोळ:

एक, परदेशातला जन्म. पंचांगातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या असतात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्री ८.३० ला जन्म झाला तर भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६ वाजलेले असतात (साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा). लोक तिथलीच वेळ आणि तारीख इथल्या पंचांगात बघतात आणि दीड-दोन चरण मागचं अक्षर काढून बसतात.

दोन, पंचांगभेद. दाते पंचांग चित्रापक्षाचं आणि टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांच्या अयनांशांत (राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्यात) साधारण चार अंशांचा फरक आहे, म्हणजे एका चरणाहून जास्त. वरच्याच उदाहरणात ५.३० चा जन्म टिळक पंचांगाने पाहिला तर मृग उलटून आर्द्रेचा पहिला चरण लागलेला असतो, अक्षर ‘कू’. रत्नागिरीकडच्या काही घरांत टिळक पंचांग चालतं आणि सूनबाईंच्या माहेरी दाते. दोन आज्या दोन अक्षरं घेऊन येतात ते यामुळे. चूक कोणाचीच नसते. घरात बाकीचे सणवार ज्या पंचांगाने होतात तेच धरावं.

तीन, अशक्य अक्षरं. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या वर्णांनी नाव सुरूच होत नाही. त्याचा तोडगा जुनाच आहे: ङ साठी ग, ञ साठी ज, ण साठी ड. ‘ङ आलं म्हणजे अशुभ’ वगैरे काही नाही. तसंच ह्रस्व-दीर्घ भेद धरत नाहीत, श-स आणि ब-व एकच मानतात. शततारकेचा ‘सी’ आला तर शिवानी चालते.

घुगऱ्या
श्रवणवाल्यांचं काय मग? खी, खू, खे, खो!

चौथा_चरण
@घुगऱ्या, म्हणूनच पंचपाळे म्हणतात ते चार नावांचं. पत्रिकेत खेमराज, बाहेर श्रीधर. श्रवणाची देवता विष्णूच आहे, त्यामुळे श्रद्धेच्या दृष्टीने श्रीधर जास्त जवळचं.

शब्दखूण
माझा रोख अर्थावर आहे. सध्या नावांचे अर्थ म्हणून मोबाइलवर जे फिरतं त्यातलं बरंचसं कोणीतरी मनाने लिहिलेलं आणि बाकीच्यांनी उचललेलं असतं. थोडी उदाहरणं उलगडून दाखवतो.

आरव: ‘शांत’ असा अर्थ सर्रास दिसतो. फोड करा: आ + रव. रव म्हणजे आवाज (कलरव, नीरव आठवा). आरव म्हणजे आवाज, गलका. शांत हवं असेल तर नीरव, म्हणजे नेमकं उलट.

अनय: ‘नेता नसलेला, सर्वश्रेष्ठ’ असं काहीबाही लिहितात. नय म्हणजे नीती, अनय म्हणजे अनीती किंवा दुर्दैव. गवळणीतला राधेचा नवरा अनय म्हणून नाव ठेवायचं तर तो वेगळा विचार, पण मग तसं म्हणावं.

रियांश, रेयांश: ‘सूर्याचा किरण’. अमरकोशात सूर्याची तीसहून जास्त नावं आहेत, त्यात रिय किंवा रेय नाही. दुसरी गल्लत त्याहून मोठी: किरण म्हणजे अंशु, अंश म्हणजे भाग. सहस्रांशु, हिमांशु, शीतांशु यांत अंशु आहे. ‘अंश’ जोडला की शब्द संस्कृत होतो हा समज सोडा. शिवांश बरोबर, पण त्याचा अर्थ शिवाचा भाग, किरण नव्हे.

श्रेयांश: जैन घरात ठेवत असाल तर अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ, शेवटी स. श लिहिलात की तीर्थंकर गेले आणि ‘श्रेयाचा वाटा’ उरला.

मात्र नकारार्थी अ दिसला की दचकूही नये. अपर्णा म्हणजे तपात पानही न खाणारी पार्वती. अनिकेत म्हणजे घर नसलेला, पण गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत तो शब्द आहे. अर्थ कोशात मिळतो, वजन परंपरेत. दोन्ही बघावं लागतं.

तपासायची रीत: आधी उपसर्ग वेगळा काढा (आ, अ, वि, नि, सु). उरलेला शब्द आपट्यांच्या संस्कृत कोशात शोधा. सापडला तर तिथे दिलेले सगळे अर्थ वाचा, पहिलाच उचलू नका. सापडला नाही तर तो शब्द बनवलेला आहे असं धरून चाला. बनवलेलं नाव ठेवायला बंदी नाही, फक्त ‘वेदांतलं आहे’ असं आजेसासूबाईंना सांगू नका.

माणदेशी
शेवटच्या वाक्याला +१ :)

उंबरठा
@पंचपाळे, ‘मुलाचं नाव सम अक्षरी, मुलीचं विषम’ हे शास्त्रात आहे का?

पंचपाळे
आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात नावाचे नियम आहेत: आरंभी घोष व्यंजन (ग, ज, द, ब, ह अशी घुमणारी), मध्ये अंतस्थ (य र ल व), शेवटी विसर्ग, दोन किंवा चार अक्षरं. प्रतिष्ठा हवी तर दोन, ब्रह्मवर्चस हवं तर चार. पुरुषांना सम, स्त्रियांना विषम. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्या आह्निकात अशाच नियमांचं वचन दिलंय, त्यात आणखी अटी आहेत: नाव कृदंत (धातूपासून बनलेलं) असावं, तद्धित (दुसऱ्या नामापासून बनलेलं) नसावं, आरंभी वृद्धिस्वर (आ, ऐ, औ) नसावा, तीन पिढ्यांना धरून असावं आणि शत्रूकडे रुळलेलं नसावं.

आता ‘हरि’ घ्या. ह घोष. मध्ये र, अंतस्थ. हरिः म्हणून शेवटी विसर्ग. अक्षरं दोन. हृ धातूपासून कृदंत. आद्य स्वर अ, वृद्धी नाही. सगळ्या कसोट्या उतरल्या. ‘जय’, ‘देव’ हीसुद्धा तशीच बसतात.

आणि याच कसोटीने काय नापास होतं ते बघा. क, च, ट, त, प, श, ष, स ही घोष व्यंजनं नव्हेत, म्हणून कृष्ण, केशव, शिव, तुकाराम, पांडुरंग पहिल्याच अटीला बाद. वासुदेव तर वसुदेवाचा मुलगा म्हणून तद्धित, वर आद्य आ हा वृद्धिस्वर, तरी धर्मसिंधूच्या मासनामांत तो मानाने बसलाय. सीता आणि लक्ष्मी दोन अक्षरी, म्हणजे सम. (अक्षर म्हणजे इथे स्वर मोजायचे. लक्ष्मी दोन, पार्वती तीन, सरस्वती चार, ज्ञानेश्वर चार.) परंपरेने स्वतःच हे नियम देवाच्या नावापुढे बाजूला ठेवलेत. नियम जरूर माहीत असावेत, पण त्यांच्यासाठी पांडुरंग नाव सोडू नये.

तीन पिढ्यांची अट मात्र आपल्याकडे चांगली रुजली. आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचं नाव देतात, हयात असताना टाळतात, कारण सुनेला ते नाव घेऊन मुलाला रागावता येत नाही. शिवाजी महाराजांनी थोरल्या मुलाला कनकगिरीच्या लढाईत पडलेल्या आपल्या भावाचं, संभाजीचं नाव दिलं तेही याच रीतीतलं.

आणखी एक मजेची गोष्ट. आश्वलायन सूत्रातच एक अभिवादनीय (वडीलधाऱ्यांना वंदन करताना सांगायचं) नाव सांगितलंय, जे मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांना ठाऊक असावं. आपण बारशाआधीच आमंत्रणपत्रिकेवर छापतो.

कोरडवाहू
शास्त्राचं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (२.३१) नावाचा अर्थ वर्णावर वाटून दिलाय: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. अर्थपूर्ण नावाचा आग्रह धरताना हे विसरू नये की पिढ्यान्‌पिढ्या काही घरांना चांगल्या अर्थाचा हक्कच नव्हता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, त्यामागे असल्या सगळ्या श्लोकांचा हिशेब होता.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वस्त्यावस्त्यांतून नावं बदलली, ती त्या अर्थाने वाचावीत: सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, नागसेन, संघमित्रा, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा. नावात देव नाही, पण श्रद्धा ठासून भरलीय. बौद्ध नामकरणाला नक्षत्र नाही, पत्रिका नाही. त्रिशरण-पंचशील म्हणायचं, भंते असले तर परित्राण पाठ (रक्षणासाठी सूत्रांचं पठण) होतो, मग नाव जाहीर करायचं. तिथी-मुहूर्त न पाहता सगळ्यांना सोयीचा दिवस, बहुधा रविवार किंवा पौर्णिमा.

अर्थाच्या बाबतीत दोन गोष्टी. राहुल या नावाचा पाली परंपरेतला अर्थ ‘बंधन’ आहे. मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा सिद्धार्थाच्या तोंडून बंधन उत्पन्न झालं असे उद्गार निघाले, त्यावरून. तरी नाव आदराने ठेवतात, कारण पुढे तोच राहुल शिकण्याची आस असलेल्या भिक्खूंमध्ये अग्रगण्य ठरला. मिलिंद म्हणजे संस्कृतात भुंगा, पण आपल्याकडचा मिलिंद हा नागसेनाशी वाद घालणारा ग्रीक राजा मिनँडर. त्या संवादाची सुरुवातच नावावरून होते. राजा नाव विचारतो, भिक्खू म्हणतो, लोक नागसेन म्हणतात खरे, पण ती नुसती संज्ञा आहे, तिच्यामागे कायमचा कोणी ‘मी’ सापडत नाही. मग रथाचं उदाहरण येतं. नामकरणाला दोन शब्द बोलायची वेळ आली तर ही गोष्ट सांगावी, शोभते.

माणदेशी
@कोरडवाहू, मुद्दा मान्य, थोडी भर. दगडू, धोंडू, केरू, उकिरड्या, भिकू ही नावं सगळीच वरून लादलेली नव्हेत. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये, सटवीने नेऊ नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. धोंडो हे नाव ब्राह्मणांतही पुष्कळ. दगडू म्हणजे दगडासारखा टिको. यात आईबापांची माया आहे, हेटाळणी नाही.

कोरडवाहू
@माणदेशी, धोंडोपुरतं कबूल. पण धोंडोपंतांना गावाने पंत म्हटलं आणि धोंड्याला धोंड्याच ठेवलं. आणि ‘नकुशा’ला कोणती माया लावाल? पुढचा मुलगा व्हावा म्हणून मुलीचं नाव ‘नको असलेली’. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात पावणेतीनशेहून जास्त नकुशांची नावं समारंभाने बदलावी लागली. त्यातल्या कित्येक शाळेत जाणाऱ्या होत्या, हजेरीत रोज ‘नकुशा’ला ‘हजर’ म्हणत होत्या.

माणदेशी
नकुशाला माया नाहीच. तिथे तुमचंच बरोबर.

सांजवात
वारकऱ्यांकडचं लिहिते. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ सगळ्यांना माहीत असतो: दहा मुलं, धाकटा नारायण, मरताना भीतीने त्याला हाक मारली आणि विष्णुदूत धावले. देवाचं नाव मुलाला ठेवण्यामागचा वारकरी विचार इथून येतो. दिवसातून पन्नास वेळा मुलाला हाक मारणारच आहात, त्यात नाम घडू द्या. तुकोबांच्या घरात महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे आणि काशी, भागीरथी, गंगा या मुली. नामदेवांकडे नारा, विठा, गोंदा, महादा. आळंदीच्या चौघांची नावं तर एकापुढे एक ठेवली की वाटच दिसते: निवृत्ती, ज्ञान, सोपान (म्हणजे जिना), मुक्ती.

आता नेहमीची शंका: ‘विठ्ठल ठेवलं की पोरं विठ्या म्हणणार, देवाचा अपमान होतो.’ त्याच अजामिळाच्या अध्यायात उत्तर आहे. दुसऱ्या कुणाला उद्देशून, चेष्टेने, गाताना आलाप भरायला, अगदी अवहेलनेनेही घेतलेलं नाम पाप हरतं, असा तो श्लोक आहे (६.२.१४). आणि नामदेवांचे विठा, गोंदा ही मोडलेलीच रूपं नाहीत का? मोडायचंच तर आपल्याकडे प्रेमाचे प्रत्यय आहेत: विठू, ज्ञानबा, तुकोबा, मुक्ताई, जनी. घरातल्यांनी सुरुवातीपासून तसं म्हटलं की बाहेरचेही तेच उचलतात. घरातूनच ‘नाऱ्या’ निघालं तर शाळेला दोष देता येत नाही.

कुलदैवतावरून नाव हवं असेल तर थेट नाव जड वाटतं म्हणून लोक सोडून देतात. तसं करण्याआधी त्या देवाची सगळी नावं बघा. खंडोबाचं खंडेरावच हवं असं नाही, मल्हार आहे, मार्तंड आहे, मुलीला म्हाळसा, बाणाई. तुळजाभवानीवरून अंबिका, तुळजा, अंबादास. दत्ताचं श्रीपाद. गोव्याकडे मंगेश, नागेश, दामोदर, शांता ही सगळी देवळांतूनच घरात आलेली आहेत. शिवनेरीच्या शिवाईवरून शिवाजी, हे तर पाठ्यपुस्तकात आहे.

खाडीपलीकडे
सांजवात यांनी शिवाजी महाराज काढलेच आहेत, तर त्यांचे वडील आणि चुलते बघा. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, म्हणून शहाजी आणि शरीफजी, अशी बखरींतली परंपरा आहे.

मुसलमानांकडची पद्धत थोडक्यात. जन्मल्यावर उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत (नमाज सुरू होताना म्हणायची छोटी अजान). सातव्या दिवशी अकीका: मुलाला दोन बकरे, मुलीला एक, डोक्याचे केस काढायचे आणि त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करायची. नाव त्या दिवसापर्यंत ठरलेलं असावं. हदीसमध्ये अल्लाहला सर्वांत प्रिय नावं म्हणून अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान सांगितली आहेत. वाईट अर्थाचं नाव बदलणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत आहे. हजरत उमर यांच्या मुलीचं ‘आसिया’ नाव पैगंबरांनी बदलून जमीला केलं.

इथेच मराठीत लिहिणाऱ्यांचा घोळ सुरू होतो. आसिया नावाच्या कित्येक मुली आहेत, मग तेही वाईट का? नाही. अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एक अलिफ-मद, सीन या अक्षरांचा: फिरऔनची श्रद्धावान बायको आसिया, अतिशय मानाचं नाव. दुसरा ऐन आणि स्वाद या अक्षरांचा: ‘अवज्ञा करणारी’. बदललं गेलं ते दुसरं. देवनागरीत दोन्ही हुबेहूब एक. तसंच अलीम: ऐनने लिहिलं तर ‘सर्वज्ञ’, अलिफने लिहिलं तर ‘यातना देणारा’, कुरआनात अजाबाला (शिक्षेला) लागणारं विशेषण. हामिद मोठ्या ‘हे’ने ‘स्तुती करणारा’, छोट्या ‘हे’ने ‘निर्जीव’. म्हणून नाव ठरलं की मौलवीसाहेबांकडून उर्दू-अरबी हिज्जे एका कागदावर लिहून घ्यायचे आणि जन्मदाखल्यासोबत ठेवायचे. पुढे निकाहनाम्यात कोणी कानावरून लिहिलं की चुकीचा शब्द कायमचा बसतो.

दुसरी चूक, अब्द तोडणं. अब्दुर्रहमान म्हणजे रहमानचा बंदा. फॉर्मवर त्याचं पहिलं नाव ‘अब्दुल’ आणि आडनाव ‘रहमान’ झालं की पहिल्याचा अर्थ ‘चा बंदा’ एवढाच उरतो आणि दुसरं तर अल्लाहचं खास नाव, ते माणसाला एकटं लावत नाहीत. दोन्ही मिळून एकच शब्द म्हणून, मध्ये जागा न सोडता नोंदवा.

तवशाचें_फेस्त
गोव्याचं नि वसईचं. कॅथलिकांत नाव बाप्तिस्म्याला लागतं. पूर्वी, १९१७ च्या चर्च कायद्यात, संताचंच नाव असावं अशी दक्षता पाद्रीने घ्यायची होती. आईबाप ऐकेनात तर पाद्री संताचं नाव जोडून दोन्ही वहीत लिहायचा. जुन्या वह्यांत एकाच मुलाची तीन-तीन नावं दिसतात त्याचं हे एक कारण. १९८३ च्या कायद्यात (कलम ८५५) एवढंच उरलं: ख्रिस्ती भावनेला परकं नाव नको. म्हणजे शांती, करुणा, ज्योती, आनंद बिनदिक्कत चालतं, अन् चालतंच आहे.

तरी संताचं नाव ठेवायचं तर तो संत कोण, त्याचा सण कधी, हे बघून ठेवा, कारण मुलाचा नामसण त्या दिवशी. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर, योहान बाप्तिस्टा २४ जून (आमचं सांजांव), सांत आना २६ जुलै. तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये मूल व्हावं म्हणून जोडपी तवशी (काकड्या) वाहतात आणि झालेल्या मुलाला पुष्कळदा सांतान नाव पडतं. कोकणीत नावं झिजून आपली झालीत: इनास, कायतान, रुजार, मिंगेल, बाश्त्यांव. दाखल्यावर मात्र मूळ पोर्तुगीज रूप असतं आणि घरात हे. चर्चची वही, जन्मदाखला आणि शाळा या तिन्हीकडे एकच रूप द्या, नाहीतर पुढे ‘हा आणि तो एकच’ असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

प्रोटेस्टंटांत बायबलमधली नावं मराठी उच्चारात: शमुवेल, याकोब, दानीएल. शमुवेलचा अर्थ हन्नाच्या प्रार्थनेशी जोडलेला आहे, देवाकडे मागितल्यावर मिळालेला मुलगा. नवसाचं म्हणाल तर हेच.

हजुरी
नांदेडकडून दोन ओळी. शिखांत अक्षर पत्रिकेतून नाही, गुरू ग्रंथसाहिबांतून येतं. अरदास (प्रार्थना) करून ग्रंथसाहिब सहज उघडतात, डाव्या पानाच्या वरच्या हुकमातल्या (गुरूची आज्ञा मानलेल्या वचनातल्या) पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर घेतात आणि त्यावरून नाव ठेवून पुढे मुलाला सिंग, मुलीला कौर. नाव मुलामुलींना सारखंच चालतं, त्यामुळे ‘मुलीच्या नावांची यादी’ हा प्रकारच नाही.

दाखलाशाखा
श्रद्धेचं झालं, आता कागदाचं, कारण बारसं एकदा होतं आणि दाखला जन्मभर लागतो.

जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद होते, दवाखान्याच्या घाईपायी कसलंही नाव देऊ नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ नुसार नाव नंतर भरता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा भरलेलं नाव ‘आता दुसरं आवडलं’ म्हणून बदलून मिळत नाही, लिहिण्यातली चूक दुरुस्त होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार आहे, त्यामुळे तिथली चूक आता सगळीकडे जाते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर क्रम आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नाव ठरवताना हे चारही शब्द एका दमात मोठ्याने म्हणून बघा. ‘पुंडरीकाक्ष’ सुंदर आहे, पण पुढे आणखी तीन शब्द येणार आहेत आणि फॉर्मवर चौकोन मोजके असतात. त्याला मासनाम राहू द्या.

रोमन लिपीतलं स्पेलिंग अर्ज भरायच्या आधी ठरवा. ज्ञ, ऋ, ळ, ण यांची प्रत्येक खिडकीवर वेगळी स्पेलिंगं होतात. आईने एक, वडिलांनी दुसरं आणि ऑपरेटरने तिसरं लिहिलेलं ‘ज्ञानदा’ आम्ही रोज बघतो.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. एक शेवटचं: ताटातल्या तांदळावर नाव लिहितात त्याची नेमकी रीत? चार नावं एका ताटात मावतात का?

पंचपाळे
मावतात. काशाचं नाहीतर पितळेचं मोठं ताट घ्या, अर्धा ते पाऊण किलो तांदूळ, पेराएवढा थर, हाताने सपाट करा. थर पातळ झाला तर अंगठीने ओढलेल्या रेघेत ताटाचा तळ दिसतो आणि अक्षर फाटतं, जाड झाला तर रेघ बुजते. तांदूळ धुतलेले नकोत, कोरडेच हवेत. हळद-कुंकू नावं लिहून झाल्यावर कडेला वाहा, आधी वाहिलं तर ओढताना पसरतं. सोन्याच्या अंगठीने वरून खाली एकेका ओळीत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं, हाकेचं. हाकेचं सर्वांत खाली आणि मोठं. ज्ञ, क्ष, ष्ण अशी जोडाक्षरं तांदळावर गिचमिड होतात, तिथे हलन्त चिन्ह देऊन अक्षरं सुटी लिहिली तरी चालतात. मग प्रत्येक नाव बाळाच्या उजव्या कानात. नंतर पाळणा, गोविंद घ्या गोपाळ घ्या, आणि आत्याचं कुर्रर्र.

घुगऱ्या
आणि बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्रीच भिजत घाला, आठ तास तरी लागतात. सकाळी आठवण झाली की मग कुकरच्या दहा शिट्ट्या होतात, हरभरे टणकच राहतात आणि नावापेक्षा त्यांचीच चर्चा जास्त होते.